चिअरलीडर आणि ख्रिस्ती शालीनता
चौकार-षटकार जाताच सीमारेषेबाहेरच्या मंचावर नाचणाऱ्या मुली म्हणजे चिअरलीडर. 2008च्या पहिल्या आयपीएलमध्ये त्या आल्या आणि महाराष्ट्रात अश्लीलतेचा वाद पेटला. 2011मध्ये पुणे वॉरियर्स या आयपीएल संघाने पारंपरिक भारतीय पेहरावातल्या नर्तकी उभ्या केल्या. ख्रिस्ती चर्चेत अशा वेळी पौलाच्या नावे असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (2:9) दाखला हमखास निघतो. तिथे शालीन पोशाखाचा आग्रह आहेच. पण नावे घेतली आहेत ती गुंफलेले केस, सोने, मोती आणि महागड्या वस्त्रांची. म्हणजे रोख श्रीमंती मिरवण्यावरही आहे, आणि तो विसरून केवळ आखूड घागऱ्यावर बोट ठेवणे अन्यायाचे. काही ख्रिस्ती पालक चिअरलीडिंगला कसरतीचा खेळ मानून अंगभर गणवेश मागतात, काही ते सोडायलाच लावतात. मात्र पेहरावाच्या या वादात विसरू नये, की मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:28) वासनेच्या नजरेचा दोष पाहणाऱ्या पुरुषाच्याच पदरात घातलेला आहे.