देवासची मौनवर्षे

कलावंताच्या जीवनातील मूक कालखंडांकडे आपले चरित्रकार सहसा घाईने पाहतात. मैफली, मानसन्मान आणि शिष्यपरंपरा यांची नोंद तपशिलाने होते. ज्या वर्षांत काहीच घडले नाही असे वाटते, ती एखाद्या परिच्छेदात उरकली जातात. कुमार गंधर्व यांच्या बाबतीत १९४८ ते १९५३ या काळाचे असे झाले. क्षय झाला, देवासला गेले, बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले, एवढ्यात ही कथा संपते. वस्तुतः रचनाकार कुमार गंधर्व याच वर्षांत घडले आणि त्यांच्या घडणीचा आरंभ आजाराच्याही मागे शोधावा लागतो.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होईतो सभागृहे भरवू लागला होता. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही याच बालवयातली. अशा कौतुकात एक क्रौर्य दडलेले असते. श्रोत्यांना त्या मुलात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज ऐकायचा असतो, आणि तो जितका तंतोतंत उमटेल तितक्या टाळ्या अधिक. १९३६ साली तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात आला, तेव्हा अनुकरणात जे सहज साधत होते ते समजून घेण्याचा पाठ नव्याने सुरू झाला. देवधर कोणत्याही एका घराण्याचे कुंपण मानणारे नव्हते. त्यांच्याकडे सर्व घराण्यांच्या गवयांचा राबता असे आणि शिष्याला प्रश्न विचारण्याची मुभा असे. त्यामुळे विशीत पोचलेल्या कुमारांपाशी कीर्ती होती, विद्या होती, आणि या साऱ्यात आपले असे काय, हा प्रश्नही होता. सर्जनाचा शिणवटा पुष्कळदा अपयशातून येत नाही; न थांबणाऱ्या यशातून येतो.

१९४७ मध्ये देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पाठोपाठ क्षयाचे निदान झाले आणि कोरड्या हवेसाठी दोघे माळव्यात देवास येथे आली. तो दिवस ३० जानेवारी १९४८, गांधीजींच्या हत्येचा. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते, पण ते महाग होते. या काळात घर चालले ते भानुमतींच्या शिक्षिकेच्या नोकरीवर. शुश्रूषाही त्यांचीच. कुमारांच्या मौनाचे गोडवे गाताना त्या मौनाची किंमत कोणी मोजली याचा उल्लेख अपवादानेच होतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

अंथरुणाला खिळलेल्या गवयाला ऐकण्यावाचून दुसरे काम नव्हते. माळव्यातील बायकांची लग्नाची, ऋतूंची, व्रतांची गाणी दारावरून, अंगणातून कानी येत. देवासातील शीलनाथांच्या धुनीशी जोडलेली नाथपंथी भजने होती. त्यांतला निर्गुणाचा स्वर पुढे त्यांच्या कबीर-गायनात उतरला. या गाण्यांचे गायक कोणाला जिंकण्यासाठी गात नव्हते. तीन-चार स्वरांत फिरणारी एखादी धून कुमार पुन्हा पुन्हा ऐकत, टिपून घेत आणि तिच्यात दडलेल्या रागाची चाहूल शोधत. रागसंगीताचे मूळ लोकधुनांत आहे, हा त्यांचा सिद्धान्त असा ऐकण्यातून आला. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी हे त्यांचे ‘धुनउगम’ राग त्याचीच फळे होत.

एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाल्यामुळे त्यांची गायकी तुटक, छोट्या स्वरवाक्यांची झाली, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. श्वासाची मर्यादा कोणते स्वर गाता येणार नाहीत हे ठरवू शकते. उरलेल्या स्वरांत काय म्हणायचे हे ती सांगत नाही. शिवाय बंदिश बांधायला दमसास लागत नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे आठवते. १८२९ च्या ‘विल्यम टेल’नंतर रोसिनीने ऑपेरा लिहिणे सोडले आणि १८५७ पासून ‘वार्धक्यातील पापे’ या खट्याळ नावाखाली छोट्या रचना केल्या. नाट्यगृहाचे ओझे उतरल्यावर त्याला पुन्हा लिहावेसे वाटले. कुमार मात्र तेव्हा पंचविशीत होते, आणि त्यांना व्यासपीठ सोडायचे नव्हते. १९५३ साली अलाहाबादेत ते पुन्हा जाहीरपणे गायले.

बंगळूरच्या कोरमंगला वस्तीत बसून हे लिहिताना भाषेचा प्रश्न विशेष जाणवतो. येथील रसिकांना कुमार कन्नड वाटतात, आम्हांला मराठी. मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठी मुंबईत, आणि बंदिशींच्या शब्दांवर माळवीची छाया! ज्या बोलीत लहानपणी कोणी कौतुक केले नव्हते, तिच्यात त्यांना स्वतःचे गाणे सापडावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

१९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती निवर्तल्या. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घराला ‘भानुकुल’ हे नाव आहे. १९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे त्यांच्या सहधर्मचारिणी आणि मैफलीतील सहगायिका झाल्या. १९६५ साली ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग मौज प्रकाशनाने काढला. पुढे ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतुचक्राचे कार्यक्रम आले. गांधीजन्मशताब्दीला ‘गांधी मल्हार’ झाला. परंपरावादी नाराज झालेच, आणि त्यांचे सर्वच आक्षेप निराधार होते असेही नाही. ज्याने बालपणी ध्वनिमुद्रिकांची नक्कल करून वाहवा मिळवली, त्याने १९६५ मध्ये बालगंधर्वांची पदे पुन्हा हाती घेतली आणि कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यात बालगंधर्वांचा आवाज काढण्याचा प्रयत्न कुठेही नाही.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. ‘अनूपरागविलास’चा दुसरा भाग त्यानंतर, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.