एल्कच्या तोंडातले कुसळ

मृत जनावरांच्या पोटात अन्न होते, तरीही ती मेली होती. अमेरिकेतील एका खोऱ्याला या कोड्याने अनेक वर्षे छळले.

हे खोरे म्हणजे वायोमिंग राज्यातील जॅक्सन होल, आणि जनावर म्हणजे एल्क. सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड असा हा प्राणी. उन्हाळ्यात यलोस्टोनच्या बाजूच्या उंच कुरणांवर चरावे आणि बर्फ साचू लागले की दक्षिणेकडच्या सखल खोऱ्यात उतरावे, असा त्याचा क्रम होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसाहतकरी तेथे आले. त्यांनी कुंपणे घातली, गवत कापून आपल्या गुरांसाठी गंजी रचल्या. एल्कचा हिवाळ्याचा घास असा कुंपणाआड गेला.

१९०९ ते १९११ च्या दरम्यानच्या कडक हिवाळ्यांत उपासमार झाली. स्टीफन लीक या स्थानिक पशुपालकाने मरणाऱ्या कळपांची छायाचित्रे घेतली, ती गावोगावी व्याख्यानांतून दाखवली आणि लोकमत हलले. वायोमिंगने ५,००० डॉलर दिले, १९११ मध्ये अमेरिकी काँग्रेसने २०,००० डॉलर मंजूर केले, आणि १९१२ मध्ये जॅक्सनजवळ एल्कसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले. हिवाळाभर तेथे वैरण घातली जाऊ लागली. करुणेतून जन्मलेली संस्था म्हणून तिचे कौतुक होणे स्वाभाविकच होते. मात्र वैरण मिळूनही मृत्यू थांबेनात.

१९२७ मध्ये केंद्र सरकारच्या जैविक सर्वेक्षण विभागाने ओलाउस म्युरी या जीवशास्त्रज्ञाला तेथे पाठवले. नॉर्वेहून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात १८८९ मध्ये जन्मलेला म्युरी त्याआधी अलास्कात कॅरिबूंचा अभ्यास करून आला होता. त्याची पद्धत साधी आणि चिवट होती. कळपामागे चालायचे, कोणती वनस्पती किती कुरतडली गेली आहे ते टिपायचे, मेलेल्या जनावराचे जठर उघडून आत काय आहे ते पाहायचे. यातून एल्कच्या आहाराचे ऋतुचक्र उलगडले: वसंतात कोवळे गवत, उन्हाळ्यात रसाळ पानांच्या वनस्पती, हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून काढलेले वाळके गवत आणि त्याच्या जोडीला झुडपांच्या फांद्या.

निर्णायक पुरावा मात्र जठरात नव्हता, तोंडात होता. हिरड्यांवर आणि जिभेवर सडलेल्या जखमा होत्या, आणि त्यांत रुतलेली कुसळे. घातल्या जाणाऱ्या वैरणीत जंगली जवाच्या जातीचे एक गवत मिसळलेले असे. त्याची काटेरी कुसळे तोंडाच्या आतली त्वचा भेदत, त्या छिद्रातून जिवाणू शिरत आणि ऊतक कुजू लागे. मराठीत कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यातले दिसते. येथे ते दिसायला मेलेल्या प्राण्याचा जबडा उघडावा लागला.

म्युरीने हे निष्कर्ष १९३० मध्ये प्रसिद्ध केले. चांगली, कुसळांविना वैरण हवी हे तर खरेच. पण त्याचा खरा भर दुसरीकडे होता. एल्कला हवी होती ती विस्तीर्ण, नैसर्गिक हिवाळी चराई, जेथे कळप पांगून आणि निवडून खाऊ शकेल. हे मत सोयीचे नव्हते. वैरण टाकणे दिसते, त्याचे छायाचित्र निघते. जमीन मोकळी ठेवणे म्हणजे कुणाच्या तरी गुरांची चराई कमी करणे. त्याचा ग्रंथ ‘द एल्क ऑफ नॉर्थ अमेरिका’ १९५१ मध्ये आला, तोवर वैरण घालणे ही खोऱ्याची रीतच झाली होती.

१९७० च्या दशकात त्या राखीव क्षेत्रात सुक्या गवताऐवजी लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली. कुसळांचा प्रश्न मिटला, गर्दीचा नाही. हजारो जनावरे आजही हिवाळ्यात तेथे एकत्र येतात. हरिणवर्गीयांच्या मेंदूला पोखरणारा, लाळ व विष्ठेतून पसरणारा आणि औषध नसलेला ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा रोग डिसेंबर २०२० मध्ये लगतच्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात शिकार झालेल्या एका एल्कमध्ये आढळला. तेव्हापासून वैरण बंद करावी की नाही हा वाद अधिकच धारदार झाला आहे, आणि त्यात म्युरीचेच मुद्दे पुन्हा मांडले जात आहेत.