सिल्व्हर नायट्रेटचे डाग

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी आत्याच्या बी.एस्सी.चा विषय निघाला की गाडी हमखास लोणच्याच्या बरणीवर येते. सायन्स कॉलेजात प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागायचं. उजेडात ते काळं पडायचं आणि मग साबण, लिंबू, कशालाही दाद देत नसे. "हे जाईपर्यंत बरणीला शिवायचं नाही," आजीचा हुकूम. आत्या हसून म्हणते, "सोवळ्यातून सुटका झाली ती अशी!"

आजोबा मात्र आत्याच्या बी.एस्सी.चं श्रेय हरिसिंग गौरसाहेबांना देत. रायपुरात छत्तीसगड कॉलेज 1938 साली निघालं, पण सरकारी सायन्स कॉलेज आलं ते 1948 साली. तोवर विज्ञान शिकायचं तर नागपूर गाठायचं. मुलगा मावशीकडे राहायचा. मुलीचा विषयच निघत नसे. दिल्ली आणि नागपूर विद्यापीठांचं कुलगुरुपद भूषवलेल्या हरिसिंग गौरांनी वकिलीतली कमाई ओतून 1946 साली सागर विद्यापीठ उभं केलं आणि रायपूरची कॉलेजं त्याच्या छत्राखाली गेली. स्त्रियांना वकिलीची दारं उघडणाऱ्या 1923 च्या कायद्यासाठीही ते विधिमंडळात झगडले होते.

दुर्गाबाई भागवतांच्या बहिणीची, कमलाबाई सोहोनींची गोष्ट आत्याला तोंडपाठ. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत रामन यांनी बाई म्हणून त्यांना आधी नकार दिला, मग वर्षभराच्या अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजची पीएच.डी. झालीच. पण कमलाबाईंना दारात अडून बसावं लागलं. आत्याला फक्त सायकलरिक्षा लागली. कुलगुरूचं कर्तृत्व मी भाषणांत नाही, या अंतरात मोजते. 1964 साली रविशंकर विद्यापीठ झालं, भाषाशास्त्रज्ञ बाबूराम सक्सेना पहिले कुलगुरू. धाकट्या आत्याच्या पदवीपत्रावर याच विद्यापीठाचं नाव आहे.

हे सगळं सांगताना आमच्या घरात एक गोष्ट सोयीस्कर गाळली जाते. रिक्षाचे पैसे देणारं घर होतं, ब्राह्मणपाऱ्याचा पत्ता होता. आत्याच्या वर्गात सतनामी किंवा गोंड घरातली एकही मुलगी नव्हती. बस्तरच्या मुलीला रायपूर हे आमच्या नागपूरहूनही लांब. सरकारने 2010 साली रायपूरच्या गुढियारीत नक्षलग्रस्त भागातल्या मुलांसाठी 'प्रयास' ही निवासी शाळा काढली, तीही विद्यापीठाने नव्हे. ते ऐकून आत्याने पहिला प्रश्न विचारला, "मुलींच्या राहण्याचं काय?" तिने लॅबचं विचारलं ते नंतर.