कानाचं मशीन: खिशातून कानामागे

आमच्या परभणीकडे श्रवणयंत्र कोणी म्हणत नाही, 'कानाचं मशीन' म्हणतात. माझ्या आजोबांचं मशीन सदऱ्याच्या खिशात असायचं. छोटी डबी, आणि तिच्यातून कानापर्यंत वायर.

या डबीमागं भारी इतिहास आहे. 1947 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तो लोकांच्या हातात आधी रेडिओतून आला असं वाटतं ना? नाही. 1952 च्या अखेरीस आलेल्या सोनोटोन 1010 या कानाच्या मशीनमधून आला! आपल्याकडे 1981 पासून सरकारच्या एडिप योजनेतून गरजूंना मशीन मिळू लागलं, आणि 1983 मध्ये मुंबईत अली यावर जंग संस्था उभी राहिली.

पण ती डबी जवळपास सगळंच मोठं करायची. नातवाची हाक, भांड्यांचा खणखणाट, वर सदऱ्याची घासाघीस. आजोबांनी ती कपाटात टाकली. 'म्हाताऱ्याला ऐकायचंच नाही,' असं आम्ही म्हणायचो. चूक आमची होती. वयाबरोबर आधी बारीक पट्टीचे आवाज जातात, 'स', 'श' वगैरे. 1996 मध्ये डेन्मार्कच्या कंपन्यांनी पूर्ण डिजिटल मशीन बाजारात आणलं. ते ऑडिओग्राम बघून हवी तीच पट्टी उचलतं. कानात वाजणारी शिट्टी, म्हणजे सुश्रुतसंहितेतला कर्णनाद, तीसुद्धा बाहेरचे आवाज परत आले की बऱ्याच जणांना कमी जाणवते. मात्र सवय व्हायला काही आठवडे जातात.

आजीनं आता कानामागचं मशीन घेतलंय. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, हा पंखा एवढा वाजतो व्हय?"