विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक



बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा आणि सौंसरच्या मंडळ्यांतली मुले-मुली नागपूरची वाट धरतात. निघण्यापूर्वी त्यांच्यासाठी प्रार्थना होते आणि 'स्वतःला शुद्ध राखा' एवढे एक वाक्य सांगितले जाते. त्या वाक्याच्या पुढे आपण सहसा जात नाही. पुढे जायला निघालेल्या एका शिक्षकाचे आपल्याच एका कॉलेजात काय झाले, ते आज सांगावेसे वाटते. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, मुंबईची आहे.

मुंबईचे विल्सन कॉलेज हे रेव्ह. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली काढलेल्या शाळेतून वाढले. आपल्या ओळखीचे नागपूरचे हिस्लॉप कॉलेजही स्कॉटिश मिशनचेच, म्हणजे एकाच घरातली ही दोन भावंडे. विल्सन कॉलेजात रघुनाथ धोंडो कर्वे गणित शिकवीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते चिरंजीव. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे आपला हा मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता. त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिले, तसेच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिले.

हा दुसरा विषय आपण नीट समजून घ्यावा. गिरण्यांत कामाला आलेले हजारो पुरुष एकटे राहत, बायको गावी असे. गर्मी आणि परमा हे रोग शहरातून गावी जात आणि जिने आपले लग्नाचे वचन तंतोतंत पाळले होते तिच्या अंगी, तिच्या बाळाच्या डोळ्यांत उतरत. पेनिसिलिन हाती यायला अजून वीस वर्षे होती. तिला 'शुद्ध राहा' असे सांगून काय उपयोग? ती शुद्धच होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला हवे होते ज्ञान.

कॉलेजच्या अधिकाऱ्यांना हे काम रुचले नाही. हे काम सोडा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच पडला आणि १९२५ साली कर्वे यांनी राजीनामा दिला.

कॉलेजची बाजूही ऐकली पाहिजे. पालक विश्वासाने मुले पाठवतात, मिशनचे नाव पणाला लागते, आणि त्या काळी जगभरच्या बहुतेक मंडळ्यांचे मतही तसेच होते. १९२० साली लॅम्बेथच्या परिषदेत अँग्लिकन बिशपांनी संततिनियमनाच्या साधनांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. पण पुढचे पाहा. १९३० साली, कर्वे यांच्या राजीनाम्याला पाच वर्षेच झाली असताना, त्याच परिषदेत बिशपांनी विवाहित जोडप्यांना काही परिस्थितीत ही साधने वापरण्याची मोकळीक दिली. ठराव १९३ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाला. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन्ही प्रवाह तिच्यात आले. म्हणजे ज्यांनी प्राध्यापकाला घालवले आणि ज्यांनी पाच वर्षांत मत बदलले, ते दोघेही आपलेच पूर्वज.

आमच्या कॅथलिक बांधवांच्या चर्चने तसे मत बदलले नाही. १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकाने कृत्रिम साधने नाकारली, मात्र पत्नीचे गर्भधारणेचे दिवस ओळखून त्या दिवसांत संबंध टाळण्याची मुभा दिली. पण ते दिवस ओळखायचे तर शरीर कसे चालते हे नवरा-बायको दोघांना ठाऊक पाहिजे. म्हणजे याही वाटेने गेलो तरी अज्ञान चालत नाही!

कर्वे यांची सगळी मते आम्हांला मान्य आहेत असे कोणी समजू नये. ते नास्तिक होते. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात विवाहसंस्थेवर त्यांनी लिहिलेले पुष्कळसे आपल्याला पटणारे नाही. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विरोध फक्त ख्रिस्ती लोकांचा होता असेही नाही. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आपल्या जवळच्याच वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनीही ब्रह्मचर्याचाच आग्रह धरला.

संयम खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आत्म्याच्या फळांच्या यादीत पौलाने 'इंद्रियदमन' शेवटी ठेवले आहे, आणि ते फळ आहे. फळ झाडाला लागते, कुंपणाला नाही. अमेरिकेत १९९३ पासून बॅप्टिस्ट मंडळ्यांनी लाखो तरुणांकडून लग्नापर्यंत संयमाची शपथ घेतली. पुढे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा शपथ घेतलेल्यांचा पहिला संबंध इतरांपेक्षा उशिरा आल्याचे दिसले, हे चांगलेच. पण गुप्तरोगांचे प्रमाण दोघांत सारखेच निघाले. ज्यांची शपथ मोडली त्यांनी निरोध वापरण्याची शक्यता कमी होती, कारण मोडणार नाही असे धरूनच त्यांना शिकवले होते.

आपल्या भागात तर शाळेनेही हात वर केले. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा केंद्राचा कार्यक्रम मध्य प्रदेशाने थांबवला, महाराष्ट्रानेही थांबवला. जाम नदीच्या अलीकडे काय आणि नागपूरला काय, त्या वेळच्या मुलांना सारखेच गप्प बसवले गेले. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळून तोवर एकवीस वर्षे झाली होती, आणि गिरणीकामगाराच्या बायकोची गोष्ट नव्या रोगाच्या नावाने पुन्हा घडत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकली, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे मेले, अशी आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही एका स्त्रीला दगड मारायला जमलेला जमाव आहे. प्रभूने तिला दोषी ठरवले नाही, आणि पाप करू नकोस असेही सांगितले. दोन्ही गोष्टी त्याने तिच्याशी, तोंडाने बोलून सांगितल्या.

करिंथ हे बंदराचे शहर, मोहांनी भरलेले. तिथल्या मंडळीने लग्न आणि शरीर यांविषयीचे प्रश्न पौलाला लिहून पाठवले होते; पहिल्या पत्राचा सातवा अध्याय हे त्यांचे उत्तर आहे. पौल लाजला नाही, टाळले नाही. आपल्या मंडळ्यांत नर्स भगिनी आहेत, ज्यांनी हे सारे वॉर्डात पाहिले आहे. तरुण संघाच्या दोन बैठका, मुलांची एक आणि मुलींची एक, पाळकसाहेब आणि एक नर्स भगिनी यांनी मिळून घ्याव्यात, असे आम्ही सुचवले आहे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता लिहायचे. पेटी दाराजवळ, दानपेटीच्या शेजारी ठेवू.