मूर्तिजापूरचं स्टेशन आणि एक झेक सिनेमा

अमरावतीला सिनेमाचं अप्रूप कधीच नव्हतं. राजकमल, चित्रा ही तिथल्या चौकांची नावंच मुळी टॉकीजची. चित्रपटाच्या धंद्यात ‘सी. पी. बेरार’ म्हणून जो टापू धरतात, त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. आमच्या मूर्तिजापूरच्या टॉकीजसाठी तिथून रिळांची पत्र्याची पेटी पॅसेंजरने यायची. वडील रेल्वेत असल्यामुळे ती पेटी फलाटावर उतरताना मी अनेकदा पाहिली आहे. पण त्या पेट्यांमधून जपानचा, इटलीचा, हंगेरीचा सिनेमा कधी आला नाही. परदेशी चित्रपट म्हणजे रविवारी सकाळचा इंग्रजी खेळ, आणि त्याला कोण कशासाठी जात असे हे सांगायला नको!

मोठ्या शहरांतली गोष्ट वेगळी होती. १९४७ साली सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि ‘बायसिकल थीव्ज’, ‘राशोमोन’ आपल्याकडच्या लोकांनी पडद्यावर पाहिले. १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष राय. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, पी. के. नायर यांनी तिथे जगभरचे चित्रपट जमवले. सोसायट्यांना परकीय वकिलातींकडूनही चित्रपट मिळत. त्यांना सेन्सॉरची कात्री लागत नसे, म्हणून काही मंडळी भलत्याच आशेने सभासद होत आणि दोन पोलिश चित्रपट पाहिले की वर्गणी थकवत.

मी अकोल्याला कॉलेजात शिकवत होतो. १९८३ च्या उन्हाळ्यात पुण्याला चित्रपट रसास्वादाच्या शिबिराला गेलो. प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात सकाळी व्याख्यानं, मग रात्रीपर्यंत चित्रपट. सतीश बहादूर एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन पुन्हा दाखवत. तोवर मी सिनेमात फक्त गोष्ट बघत आलो होतो.

त्या महिन्यात यीर्झी मेंझेल या झेक दिग्दर्शकाचा ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ पाहिला. १९६६ चा चित्रपट. १९६८ साली त्याला ऑस्कर मिळालं होतं, पण वऱ्हाडात त्याचं नाव कुणाच्या कानावर नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातलं, जर्मनांच्या ताब्यातलं एक आडबाजूचं स्टेशन. नव्या गणवेशात मिरवणारा उमेदवार पोरगा, कबुतरं पाळणारा स्टेशनमास्तर, कामापेक्षा इतर उद्योगांत रमलेला त्याचा सहकारी. अंधारात बसून मला आमचं मूर्तिजापूर दिसत होतं. एका बाजूला मुंबई-नागपूरची मोठी लाइन, दुसऱ्या बाजूला कापसासाठी टाकलेली शकुंतला, तिचं १९९४ पर्यंत चाललेलं वाफेचं इंजिन आणि दोन्हींच्या मध्ये हिरवा-लाल बावटा घेऊन उभे बाबा. त्यांच्या नोकरीत बघण्यासारखं काही असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात खटपटी करून त्या चित्रपटाची १६ मिलिमीटरची प्रिंट अकोल्याला आणली. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणजे धुतलेली चादर. अडचण होती ती इंग्रजी उपशीर्षकांची. कर्नाटकात हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुबण्णा यांनी १९७७ मध्ये गावकऱ्यांना असेच चित्रपट दाखवले होते, कानडीतून समजावून देत. खेड्यातल्या माणसाला ‘राशोमोन’ कळतो हे तिथे दिसलं होतं. मीही माईक घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो. (२००९ साली सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला, तेव्हा उलटा प्रकार झाला. ‘गाभ्रीचा’ या शब्दातली वऱ्हाडी शिवी इंग्रजीत कशी बसवायची? त्यांनी ‘डॅम्ड’ म्हटलं. भागलं, पण शब्दातला राग अर्धा राहिला.)

बाबा मूर्तिजापूरहून मुद्दाम आले होते. तारबाबूचं काम करणाऱ्या मुलीच्या अंगावर रेल्वेचे शिक्के मारले जातात, त्या दृश्याला माझी जीभ टाळ्याला चिकटली. बाप पहिल्या रांगेत! सभागृह मात्र शब्दावाचून खदखदून हसलं. एरवी मी शेवटपर्यंत अखंड बोलत होतो.

परतीच्या गाडीची वाट बघताना बाबांना विचारलं, कसा वाटला?

“तो कबुतरंवाला मास्तर खरा हाय. पन तू सारा येळ बोलत राह्यला लेका. गाडी आवाजावरून समजते, मालगाडी हाय का पॅसेंजर. मले तं काहीच आयकू नाही आलं.”

मला राग आला. आठ दिवसांच्या धावपळीचं हे फळ! त्यानंतर मी त्यांना दुसऱ्या कोणत्या खेळाला बोलावलं नाही. अकोल्यातला आमचा उद्योगही तीनेक वर्षांत थंडावला. घरोघरी टीव्ही आला, आणि मीही फार नेट लावला नाही.

२००६ मध्ये त्या चित्रपटाची डीव्हीडी हाती लागली. बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढे. दुपारी त्यांच्या खोलीत लावली आणि शेजारी गप्प बसलो. उपशीर्षकं त्यांना वाचता येत नव्हतीच. डोळे मिटून ते कितीतरी वेळ नुसतं ऐकत होते. मध्येच “मालगाडी,” म्हणाले. बरोबर होतं.

शेवटी तो पोरगा सिग्नलवर चढून दारूगोळ्याच्या गाडीवर बॉम्ब टाकतो आणि स्वतः मरतो. स्फोटाच्या वाऱ्याने त्याची टोपी फलाटावर येते. बाबांनी डोळे उघडले, टोपीकडे पाहिलं आणि विचारलं,

“मंग त्याची ड्युटी कोनं केली?”