ताम्र-उत्प्रेरित वलयीकरण

कार्बनी रेणूची उघडी साखळी मिटवून अथवा दोन स्वतंत्र रेणू एकत्र बांधून वलयी संयुगे घडविणाऱ्या ज्या विक्रियांत तांबे वा त्याची लवणे उत्प्रेरकाचे काम करतात, त्यांचा वर्ग. पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या दुर्मिळ धातूंपेक्षा तांबे स्वस्त आहे, आणि आपल्या निरनिराळ्या संयुजा-अवस्थांमध्ये ते सहज ये-जा करते. या दोन गुणांवर या शाखेची सारी भिस्त आहे. फ्रिट्झ उलमान व इर्मा गोल्डबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तांब्याच्या साहाय्याने बेंझीन वलयाला कार्बन व नायट्रोजन जोडून दाखविले. इंडोल, बेंझिमिडाझोल आदी विषमवलये रचण्याच्या कित्येक आधुनिक रीतींचे मूळ तेथेच आहे.

या वर्गातील शिरोमणी विक्रिया ॲझाइड आणि अल्काइन यांच्या संयोगाची होय. रोल्फ ह्यूसगेन यांनी १९६० च्या दशकात म्यूनिक येथे तिचा पद्धतशीर अभ्यास केला. परंतु केवळ उष्णतेवर ती मंद चाले, आणि तीतून बनणाऱ्या ट्रायाझोल वलयाचे १,४ व १,५ असे दोन समघटक बहुधा मिसळून मिळत. २००२ साली कोपनहेगनमध्ये मॉर्टेन मेल्डाल यांच्या, आणि अमेरिकेत बॅरी शार्पलेस व व्हॅलेरी फोकिन यांच्या चमूने स्वतंत्रपणे दाखवून दिले की एकसंयुजी तांब्याच्या उपस्थितीत ती लक्षावधी पटींनी त्वरित होते व १,४ समघटकच हाती येतो. टोकाच्या अल्काइनापासून ताम्र-ॲसिटिलाइड बनते, दुसऱ्या ताम्र-अणूच्या साहाय्याने ॲझाइड त्याच्याशी जुळते, आणि वलय पुरे झाल्यावर प्रोटॉन येऊन तांबे पुनश्च मोकळे करतो. शार्पलेस यांच्या कृतीची सामग्री तर कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत जमण्याजोगी आहे : मोरचूद, त्याचे क्षपण करणारे क जीवनसत्त्वाचे सोडियम लवण, आणि पाणीमिश्रित अल्कोहॉल. मेल्डाल, शार्पलेस व कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले; तांबे जिवंत पेशींस बाधक असल्याने बर्टोझी यांनी ताणयुक्त वलयांची तांब्याविना चालणारी रीत सिद्ध केली होती.

बीदरच्या वाचकाला अल्प तांब्याचे सामर्थ्य अपरिचित नाही. बिदरी कामाचा धातू बव्हंशी जस्ताचा, त्यात तांबे थोडेच. तरी किल्ल्याची माती व नवसागर यांनी उमटणारा काळा रंग त्या तांब्यामुळेच धरतो आणि शुद्ध जस्तावर तो बसत नाही. मात्र तेथे तांबे स्वतः थराचा घटक होते, उत्प्रेरकाप्रमाणे मोकळे होत नाही; हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

ट्रायाझोल वलय अपस्मारावरील रुफिनामाइड या औषधात आढळते. बीदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांचे कारखाने असल्याने उत्प्रेरकातून औषधात उरणाऱ्या शेष तांब्याचा तपशीलही येथे नमूद करणे उचित आहे : आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार तोंडावाटे घ्यावयाच्या औषधातून दररोज ३ मिलिग्रॅम, तर टोचून द्यावयाच्या औषधातून ०.३ मिलिग्रॅम तांबे, एवढीच मर्यादा अनुज्ञेय आहे.